दाजींनी तपासलेला सुपरहिरो

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका संशयी माणूस गोदावरीच्या अलीकडेही झाला नाही आणि पलीकडेही नाही. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. कुणी राम राम घातला, तर ह्याला आपल्याकडून काय पाहिजे असेल याचा अंदाज घेऊनच ते उलट राम राम घालत. अक्काला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी आमच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला होता, "दावली तीच देनार न्हवं?" वडील हसले. त्यांना वाटलं, जावई विनोदी आहे. लग्नात भटजींची मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाची कड दोन बोटांनी बाजूला सारून दाजींनी पलीकडे नीट निरखून घेतलं, तेव्हा आमच्या घरादाराला कळलं की हा विनोद नव्हता. अक्का आजही म्हणते, "ह्यांनी मला पसंत नंतर केलं, आधी तपासलं."

तपासणं हा त्यांचा धंदाच होता म्हणा. चौसाळ्याजवळच्या त्यांच्या गावात सहकारी दूध संस्था होती आणि दाजी तिचे सचिव होते. चेअरमन बदलत, संचालक पॅनल बदलत, सचिव बदलत नसे. कारण दुधात पाणी ओळखण्यात दाजींचा हात धरणारा कुणी नव्हता. संस्थेत लॅक्टोमीटर होता, फॅट काढायचं यंत्र होतं. पण दाजींचा त्या दोघांवरही पूर्ण विश्वास नव्हता. ते दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेत, तिरपा करून बघत आणि मग दूध आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत. "दूध गप ऱ्हातं, पावनं," ते मला सांगत. "मानूस बोलतो. तोंडावर सगळं उमटतंय." एकदा त्यांनी स्वतःच्या सख्ख्या चुलत्याची घागर परत पाठवली होती. चुलते वर्षभर बोलले नाहीत. दाजींना त्या अबोल्याचाही संशय आला. दुसऱ्या संस्थेला दूध घालायला निमित्त पाहिजे होतं, असं त्यांचं मत पडलं.

अशा माणसाला छंद कसला असावा? सुपरहिरोंच्या सिनेमांचा. उडणारे, भिंती फोडणारे, डोळ्यांतून जाळ काढणारे, देशी असोत की परदेशातून हिंदी बोलत आलेले असोत, दाजींनी एक सोडला नाही. बीडला नवा सिनेमा लागला की ते सकाळचं संकलन आटोपून एसटीने येत, माझ्या ऑफिसात डोकावत आणि म्हणत, "चला पावनं, बघू काय फसवाफसवी हाय." मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. त्या वर्षांत आमच्या खात्याकडे पाणी सोडून बाकी सगळं होतं, त्यामुळे मला निघायला अडचण पडत नसे.

थेटरात ते टाळ्या वाजवत नसत, शिट्टी तर नाहीच. पोलिसानं पंचनाम्याला बसावं तसे बसत. जाहिरातीत दाखवलेला प्रसंग सिनेमात आला नाही, तर ते मला कोपरानं ढोसत. "रेल्वे उचलतानी दावलं होतं. कुठंय रेल्वे?" पोस्टरवर सुपरहिरोमागे सात जण उभे असत, त्यातले किती जण मध्यंतरापर्यंत मारून टाकले, याकडे त्यांचं लक्ष असे. "मरनारे पोस्टरवर पुढं उभे करत्यात. गिऱ्हाइक जमलं की काम संपलं." पण त्यांचा खरा संशय मुखवट्यावर होता. "मला सांगा, येवढा देखना मानूस निवडायचा, त्याच्यावर येवढा खर्च करायचा, आन मंग त्याचं तोंड झाकायचं कावून? आत दुसराच असनार."

या विषयावर त्यांचा एक कायमचा प्रतिपक्ष होता. चौसाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक सर. गृहस्थ अतिशय नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि सुपरहिरोंचे दाजींइतकेच वेडे. फक्त विश्वास ठेवणारे. हायवेवरच्या हॉटेलात दोघं समोरासमोर बसले की ट्रकवाले चहा संपला तरी उठत नसत.

"सचिव, सिनेमा चेहऱ्यावर चालतो," सर म्हणत. "लोक चेहरा बघायला येतात. म्हणून नामवंत नट घ्यावा लागतो. त्याला शास्त्र आहे."

"चेहरा त्याचा, आन अंग कुनाचं?"

"अंगही त्याचंच! सहा महिने व्यायाम करतात ते. मी मुलाखत पाहिलीय."

"मुलाखत कुनी दावली? ज्यांनी पिच्चर काढला त्यांनीच ना? म्हंजी दूध घालनाऱ्यानीच फॅट लिहायचं!"

सर हात जोडत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर असत.

मग दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं आली. संस्थेचं दूध आटत आटत एका कॅनवर आलं. जनावरं चारा छावणीत गेली आणि दाजीही आपली लाल कंधारी गाय घेऊन छावणीतच मुक्कामाला गेले. छावणीतला चारा वजनात बसतो का, हे बघायला कुणीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी दोन-दोन दिवस यायचा नाही. बायका घागरी लावून सावलीत बसून राहत आणि जनावरं रिकाम्या हौदाच्या कडा चाटत.

नेमका त्याच उन्हाळ्यात एक मोठा हिंदी सिनेमा येणार होता. नाव मी सांगत नाही. नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं दाजींनी मला शिकवलेलं आहे. गोष्ट अशी, की दुष्काळी गावातल्या एका पोराच्या अंगात दैवी शक्ती येते, तो हवेत उडतो आणि जमिनीतून पाणी वर खेचतो. नट मुंबईचा, गोरापान, हनुवटीला खळी. पोस्टर चौसाळ्याच्या स्टँडवर लागलं तेव्हा दाजी त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"सर, ह्यो दुष्काळातला? ह्याचे ओठ बघा. जल्मात कधी फुटलेत का?"

"मेकअप करतात हो सचिव."

"मंग आमच्यातला एखादा घ्यायचा. मेकअपचा खर्च वाचला असता."

सरांना त्या नटाबद्दल विशेष माया होती. त्यांच्या मोबाइलवर त्याचाच फोटो होता. म्हणून जेव्हा बातमी आली, की सिनेमाची कंपनी खुद्द हिरोला घेऊन आमच्या छावणीत येणार, तेव्हा सरांनी नवा शर्ट शिवला. कंपनीची बोली साधी होती: छावणीतल्या लोकांनी कॅमेऱ्यापुढे हिरोचं स्वागत करायचं, कंपनी सिनेमा लागेपर्यंत रोज टँकर पाठवणार. दाजींनी ऐकलं आणि विचारलं, "लागल्यावर?" पण समोर हौद रिकामा होता, तेव्हा दाजींनीही बोली मान्य केली.

त्या दिवशी मीही रजा टाकून छावणीत गेलो होतो. भर दुपारी ट्रक आला. मागे टँकर, त्याच्यामागे काळ्या काचांच्या गाड्या. ट्रकच्या टपावर मोरपंखी रंगाचा अंगाला चिकटलेला पोशाख घालून सुपरहिरो उभा. मुखवटा नाकाच्या खालपर्यंत. ओठ आणि हनुवटी तेवढी उघडी. कर्णे सुरू झाले, बीडहून आलेली तरुण पोरं ओरडायला लागली, सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी माझ्याशेजारी हाताची घडी घालून उभे होते.

आणि त्या कर्ण्यांनी एक बैल बिथरला. त्यानं दावं तोडलं आणि डोकं खाली घालून तो थेट टँकरजवळच्या बायकांच्या रांगेवर सुटला. घागरी गडगडल्या. एक म्हातारी जागेवरच खाली बसली, तिला उठता येईना. आम्ही सगळे नुसते ओरडलो. तेवढ्यात टपावरून ती मोरपंखी आकृती खाली झेपावली, बैलामागे फरफटणारं दावं तिनं धरलं, पाय रोवून मागं रेलली आणि तोंडातून आवाज निघाला, "हो, हो, हो! ऱ्हा बे राजा, ऱ्हा!" बैल म्हातारीपासून हातभर अंतरावर थांबला. सुपरहिरोनं त्याच्या मानेखाली खाजवलं, वशिंडावरून हात फिरवला, आणि बैल शेपूट हलवत उभा राहिला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दाजी मात्र चालू लागले होते. पाण्याचा तांब्या घेऊन ते त्याच्यापाशी गेले, मी मागोमाग. मुखवट्याखालचे ओठ फुटलेले होते. एका भेगेतून रक्त आलं होतं.

"गाव कंचं?" दाजींनी हळूच विचारलं.

"मुंबई."

"बैलाला बे म्हनतोस. मुंबईत कुनी म्हनतं का?"

तो पाणी प्यायला. मग तांब्याच्या आडून म्हणाला, "मामा, उमापूर. हितलंच, बीडकडचं. बोलू नका कुठं. काम जाईल."

"आय-बाप?"

"ऊस तोडायला गेलेत. कारखान्यावर."

"आन पोस्टरवाला?"

"त्याला ऊन बाधतं. आलाच न्हाई. पिच्चरात बी उडतानी, पडतानी मीच हाय. तोंड तेवढं त्याचं."

मी दाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळ्या आयुष्यातला संशय एका वाक्यात खरा ठरला होता. त्या क्षणी नेमके सर गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते हनुवटीकडे बोट दाखवत ओरडले, "खळी नाही! सचिव, याला खळी नाही! तुम्ही म्हणत होता तेच खरं. हा डुप्लिकेट आहे!"

गर्दीचा आवाज बदलला. लांबून आलेली पोरं ट्रककडे सरकली. "मुखवटा काढ बे!" कुणीतरी ओरडलं. कंपनीच्या एक बाई गाडीतून उतरल्या होत्या, त्या तशाच दाराला धरून उभ्या राहिल्या. टँकरच्या ड्रायव्हरनं नळाला पाइप लावलेला होता, तो त्यानं काढून घेतला. मग एका म्हाताऱ्यानं हाक दिली, "थांबा! सचिवाला इचारा. त्येच सांगतील खरं का खोटं."

आणि सगळी छावणी दाजींकडे बघायला लागली.

इतकी वर्षं हॉटेलातल्या बाकावर जे सिद्ध करता आलं नव्हतं, ते आता खुद्द सरांनीच त्यांच्या हातात आणून दिलं होतं. नुसतं मान हलवायची बाकी होती. दाजींनी मुखवटेवाल्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं. मग त्या पोराची हनुवटी चिमटीत धरून त्यांनी उन्हाकडे वळवली, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"खरा हाय. मी तपासलाय."

"पण खळी?" सर रडकुंडीला आले.

"सर, खळीच मेकअपची असती. तुमीच म्हनला न्हवं, मेकअप करत्यात?"

लोक हसले. सचिवानं पास केलेलं दूध कुणी परत तपासत नसे. पाइप पुन्हा लागला आणि हौदात पाणी पडायला लागलं. पोरानं वाकून दाजींच्या पायाला हात लावला. कॅमेरेवाल्याला ते फार आवडलं, त्यानं पुन्हा एकदा करायला सांगितलं.

परतताना मी म्हणालो, "दाजी, तुम्ही चक्क खोटं बोललात."

"खोटं कुठं? उडतो त्योच हाय. खोटा पोस्टरवाला हाय, त्याचं मला कुनी इचारलंच न्हाई."

सिनेमा लागला आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीचा टँकर बंद झाला, दाजींना वाटलं होतं तसाच. तोवर सरकारी टँकर मात्र नेमानं यायला लागला होता. आम्ही तिघंही बीडला सिनेमा पाहायला गेलो. नट गाणं म्हणत होता, प्रेम करत होता, तेव्हा दाजी खुर्चीत मागे रेलून बसले होते. पण मुखवटा चढवून कुणी कड्यावरून उडी टाकली की ते पुढे झुकत आणि माझी मांडी दाबत. एकदा तर तो बराच वरून आपटला, तेव्हा दाजींच्या तोंडून "आरारारा" निघालं. सर आनंदून म्हणाले, "बघा, पटला की नाही नट?" दाजी म्हणाले, "पडतो लई जीव लावून." त्या दिवसापासून हॉटेलातल्या वादात सरांची सरशी होत राहिली. दाजींनी तेही चालवून घेतलं. अक्कालासुद्धा त्यांनी काही सांगितलं नाही. सर आता लातूरला मुलाकडे असतात, म्हणून मी आज हे बोलतोय.

दूध संस्था पुढे बंद पडली. दाजी पुण्याला लेकीकडे राहायला गेले. परवा मी गेलो तेव्हा त्यांच्या नातीनं आम्हा दोघांना एका नव्या सुपरहिरोच्या सिनेमाला नेलं. अख्खं शहर हवेत उचललं जात होतं, माणसं ढगांत मारामारी करत होती. दाजी एकदाही पुढे झुकले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी नातीला विचारलं, "ह्यात उडनारा कोन होता?"

"कुणीच नाही आजोबा. हे सगळं कंप्युटरवर करतात आता. माणूस लागत नाही."

फसवाफसवी इतक्या उघडपणे कबूल झाली, तेव्हा मला वाटलं, दाजी आता खूश होतील. ते पायरीवर बसले. शेजारून लोक पुढच्या खेळाला आत चालले होते.

"पावनं," ते म्हणाले, "मंग ते उमापूरचं पोरगं काय करत आसंल आता?"

मला काय माहीत असणार? तरी मी म्हणालो, "असेल दाजी. मुंबईतच असेल. चांगलं चाललं असेल त्याचं."

कशावरून, असं ते विचारतील म्हणून मी थांबलो. दाजींनी विचारलं नाही. "आसंल," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले.