गेरूचा आकडा

ओल्या गेरूचा वास आला की मला अजून आमच्या भिंतीवरचा आकडा आठवतो. आमच्या गावात, दुसरबीडला, मोजणीच्या कारकुनाने आमच्या भिंतीवर गेरूने आकडा काढला, तेव्हा मी लहान होते. मामाचं गाव धरणात गेलं, त्याआधी तिथेही असेच आकडे पडले होते, म्हणून आईने घाबरून त्यावर पोतेरं फिरवलं. सकाळी कारकून दारात उभा राहिला, तशी मी तिच्या पदराआड लपले. "आकडा काऊन पुसला बाई?" "घर बुडवसान म्हून," आई पुटपुटली. "धरन नाही वो माय, मानसं मोजून राह्यलो. आकडा नसला त सरकार म्हनीन, इथं कोनी राह्यतच नाही." आईने पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं. "मंग मोठा काढा, भाऊ." अजूनही भिंत सारवताना ती तेवढी जागा सोडते, आणि कॉलेजच्या अर्जात लिहिलेला घर क्रमांक मी पुन्हा पुन्हा तपासते.