घेर

दुबईत अल बर्शातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची लोककलांची संध्याकाळ होती आणि स्टेजची जबाबदारी माझ्याकडे होती. शेवटी कोकणातला जाखडी नाच होता. त्यासाठी फुजैराच्या साइटवर इमारतींना परांच्या बांधणारे आठ कोकणी गडी आले होते, आणि त्यांच्याबरोबर मृदंग वाजवणारा पन्नाशीचा एक माणूस. त्याच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मृदंगाला हात लावण्याआधी तो दरवेळी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचा.

पडदा उघडण्याआधी तो मधोमध बसला आणि गडी त्याच्याभोवती गोल उभे राहिले.

"काका, ऑडियन्सला पाठच दिसणार," मी म्हणाले. "लाइनीत उभं करा ना सगळ्यांना. फोटो पण छान येतील."

त्याने मान वर केली. "मॅडम, घेर मोडायचा नाय. एकाचा पाय चुकला, तर समोरच्याला दिसाया हवा."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण मी घेर तसाच राहू दिला.

नाचताना एक वयस्कर गडी खरंच अडखळला. मृदंग जरासा संथ झाला, गड्याचा पाय तालात आला, आणि मगच वेग वाढला. टाळ्या वाजवणाऱ्यांना काहीच कळलं नाही. त्या माणसाचं नाव विचारायचं माझ्याकडूनही राहून गेलं.

घरी फोटो बघताना लेक म्हणाली, "आई, व्हेअर आर देअर फेसेस?"

सगळ्या फोटोंत पाठीच होत्या. ऑफिसला जाताना मेट्रोतून मला परांच्यांवर अशाच पाठी दिसतात. तिथे कुणाचा पाय चुकला, तर मला कळणारही नाही.