आईचं गाणं अर्ध्यावर अडकलं!

आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळींचे किस्से म्हणजे नवरात्रातल्या सुंडलसाठी, म्हणजे प्रसादाच्या उसळीसाठी, भिजवलेले चणे. मूठभर टाका, सकाळी पातेलं भरतं!

जुन्या कॅसेटमधली घरगुती गाणी आम्ही कॉम्प्युटरवर चढवलीत. ज्याच्याकडे गाणं आहे त्याचा कॉम्प्युटर चालू असला, की तिथून तुकड्यातुकड्यानं बाकीच्यांकडे जातं. या नवरात्रात अण्णा नगरच्या कमळाअक्काला तिच्या गेलेल्या आईचं गाणं हवं होतं. आईचा तेवढाच आवाज उरलाय. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या उतरायच्या आत तो घरात वाजायला हवा. आणि त्या उतरायच्या आदल्याच दिवशी गाणं अर्धं येऊन अडकलं; सगळ्यांचं अपलोड, म्हणजे गाणी बाहेर जाणं, आटलं!

*

सुंदरराव रिटायर्ड इंजिनियर, आमचे तज्ज्ञ. मोबाइलवर ग्राफ दाखवला. रेघ खाली पडलेली.

"कारण काय?"

"अपलोड कमी झालंय."

वा! ताप का आला, तर अंग गरम आहे म्हणून!

*

मग इंटरनेटवाल्यांना फोन. तिकडची पोरगी म्हणाली, "बंद करून चालू करा." रावांनी राऊटर सोडून अख्ख्या इमारतीचा मेन स्विचच पाडला! आयती सुट्टी मिळालेला लिफ्टवाला सोडून सगळे ओरडले. अपलोड जिथल्या तिथं.

*

तिरुवल्लिकेणीच्या जानकीमामी ठणकावून म्हणाल्या, "माझा चालूच आहे!" जाऊन बघते तर कॉम्प्युटर चालू, पण गाणी वाटणारा प्रोग्राम बंद.

"अगं, गाणी सारखी बाहेर चालली होती. संपली म्हणजे?"

"मामी, अक्कल तर कधी वाटली नाहीत. ती कशी संपली?"

प्रोग्राम लावला. त्यांच्याकडेही गाणं अर्धंच!

*

शेवटी मीच पूर्ण गाणं असलेल्या घरांना फोन लावले. सगळीकडे एकच उत्तर: "अय्यो, आज आयुधपूजा, अवजारांची पूजा! कॉम्प्युटर गंध-फुलं लावून पूजेत आहे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

सुंदररावांना विचारलं, "तुमचा कुठाय?"

"पूजेत."

"आणि दिवसभर काय शोधत होता?"

"बाकीच्यांचा दोष!"

*

विजयादशमीला सकाळी सगळ्यांनी कॉम्प्युटर लावले आणि गाणं धो धो उतरलं. आम्ही सगळ्या कमळाअक्काकडे जमलो. बाहुल्या अजून पायऱ्यांवर होत्या. तिनं बटण दाबलं. आधी खरखर, मग गाण्याच्या अगोदर आईचा आवाज, चांगला खणखणीत:

"कमळे, शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नकोस गं!"

मग गाणं. कमळाअक्का शेवटपर्यंत रडली. संपल्यावर पदरानं डोळे पुसले, स्क्रीनला हात जोडले, आणि बाकीच्यांची भांडी रिकामीच ठेवून कॉम्प्युटर बंद केला!