काळ्याच्या उलट

जगात जिला उलट नाही ती वस्तूच नव्हे, असं मानणारा माणूस अख्ख्या चिंचवडात एकच होता आणि तो माझ्या वडिलांचा मामेभाऊ होता. शाळेत मराठी शिकवता शिकवता काकांना हे व्यसन जडलं, आणि त्यातही 'काळा' या शब्दाने त्यांना पुरतं झपाटलं. काळ्याच्या उलट पांढरा असं बेधडक सांगणारं पोर त्यांच्या वर्गात बाकावर उभं राही. कशाचा काळा, हे आधी विचारायचं, असा दंडक होता. केस असतील तर पिकलेले, चहा असेल तर दुधाचा, रानातली काळी जमीन असेल तर गावठाणाची पांढरी. एकदा वाण्याच्या दुकानात त्यांनी, काळ्या बाजाराच्या उलट काय, असं निर्मळ मनाने विचारलं. वाण्याने घाबरून मागे दडवलेलं साखरेचं पोतं पुढे आणलं. गल्लीत सगळ्यांना साखर मिळाली. काकांना उत्तर मिळालं नाही, म्हणून ते रिकामी पिशवी घेऊन परतले.

मला पाहायला चऱ्होलीची मंडळी आली, तेव्हा वडिलांनी काकांकडून तोंड न उघडण्याचं वचन घेतलं. मुलगा पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागला होता. याआधी आलेले सगळे "कळवतो" म्हणून गेले होते आणि कळवलं कोणीच नव्हतं. म्हणून मावशीने माझ्या चेहऱ्यावर पावडर अशी चढवली की दिवाळीला चुना काढलेली भिंत बरी. हात मात्र तिच्या ध्यानातून गेले. मी पोह्यांची बशी पुढे केली, तशी मुलाच्या आईची नजर माझ्या मनगटापासून सावकाश कपाळापर्यंत चढली. काकांनी बरंच सोसलं असावं.

"वहिनी," ते मुलाच्या आईला म्हणाले, "जन्मभर विरुद्धार्थी जोड्या लावतोय, पण अख्खी जोडी एकाच मुलीत आजच पाहिली."

वडिलांनी डोळे मिटले. त्या बाईंनी पदर तोंडाला लावला; खांदे हलत होते. मग मला म्हणाल्या, "जा पोरी, त्वांड धुऊन ये."

मी धुऊन आले. त्यांनी नीट पाहिलं. "काळीच हाय की. मग झाकीत व्हता कशापायी? आमचा बी काय लई उजेड न्हाई."

लग्न काकांमुळे जमलं की काकांना न जुमानता, यावर वडिलांचं आणि त्यांचं कधीच एकमत झालं नाही.

माहेरी गेले की मी त्यांना छेडायची, काळ्या मुलीच्या उलट काय? एका शब्दात सुटका होती, पण तो शब्द ते कधी उच्चारत नसत. "शोधतोय," म्हणत आणि चष्मा पुसत बसत. शेवटच्या आजारात मी उशाशी होते. माझ्या कानामागची पिकलेली बट त्यांनी निरखली. "केसांचं जुळलं बघ," ते म्हणाले. "तुझं राहिलं."

परवा त्यांचा दहावा झाला. आता कोणी कुणाला काळी म्हटलं की मी काकांच्या प्रश्नाची वाट पाहते. कशाची काळी, असं कोणी विचारत नाही.