पाहुण्या सशाची खात्री

म्हातारीने खाणं सोडलंय हे आईने मला आपणहून सांगितलं नाही. फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी तशीच सुकत पडलेली दिसली, म्हणून मी विचारलं, तेव्हा कुठे बोलली. म्हातारी म्हणजे आमच्याकडची मादी ससा. पांढरी, एका डोळ्याभोवती राखाडी ठिपका, आणि सशाच्या वयाने पणजी शोभेल अशी. तिचा जोडीदार नुकताच गेला होता. सकाळी आई मेथी घालायला गेली तर तो कोपऱ्यात आडवा पडलेला, आणि म्हातारी त्याचे कान चाटत बसलेली. त्याला तिथून उचलल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच.

ही जोडी बाबांनी आणलेली. नाहूरच्या आमच्या एका बेडरूमच्या घरात ससे कशाला, म्हणून आईने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी बाल्कनी बंद करून तिथे सशांची खोली केली आणि हॉलच्या बाजूने काढता घालता येणारं लोखंडी ग्रिल बसवलं. नराचं नसबंदीचं ऑपरेशनही त्यांनीच करून आणलं. मादीचं आज करू, उद्या करू करत राहून गेलं, आणि मग बाबाच गेले. त्यानंतर मी कामावर गेले की आई दुपारचं ताट घेऊन त्या ग्रिलपाशी बसायची. ससे पाला खायचे, ही भात खायची. मला हे ठाऊक होतं, पण मी त्याचा कधी फार विचार केला नव्हता.

सशांचं कळणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. आमच्या डॉक्टरीणबाई वाकोल्याला बसतात. त्यांनी म्हातारीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ठोके ऐकले.

"हार्ट वीक झालंय," शेवटी म्हणाल्या. "ससा खायचा थांबला की त्याची आतडी थांबतात. सिरिंजने भरवत राहा, औषध देते. पण खरं सांगू का, हिला सोबत पाहिजे. दुसरी मादी आणलीत तर मारामारी करतील. नर आणा. फक्त त्याची नसबंदी झालेली पाहिजे, आणि नक्की झालेली पाहिजे. या वयात, या हार्टवर हिला पिल्लं राहिली तर ही वाचणार नाही. हिचं ऑपरेशन करावं म्हटलं तर भूलही देता येणार नाही."

जोगेश्वरीला एक मुलगी लोकांनी टाकून दिलेले ससे सांभाळते. तिच्याकडे एक तपकिरी नर होता, कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पुलाखाली सोडलेला.

"बिनधास्त न्या ताई, याचं झालंय."

"कशावरून?"

"खोक्यावर लिहिलं होतं ना तसं. आणि बघा ना, खाली काहीच दिसत नाही. एकदम क्लीन."

जो माणूस जिवंत प्राणी खोक्यात घालून रस्त्यावर सोडतो, त्याच्या अक्षरावर मी विश्वास ठेवायचा! मी औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. खात्री नसलेल्या मालावर सही करायची नाही, यावरच माझं पोट चालतं. आई म्हणते, लग्नाची स्थळंही मी याच नजरेने तपासली, म्हणून अजून तिच्या घरी आहे. असो. ससा मी घेतला, पण घरी न नेता आधी वाकोल्याला नेला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एसी जोरात चालू होता. टेबलावर ठेवल्याबरोबर ससा दगडासारखा बसला. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांनी त्याला उताणा केला आणि बोटांनी हळूहळू चाचपलं.

"पिशव्या रिकाम्या लागतायत," त्या म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला, तर म्हणाल्या, "थांबा. नर ससा घाबरला किंवा गारठला की वृषण वर पोटात ओढून घेतो. हा बघा कसा थरथरतोय. टाक्यांची खूणही भरून आली की सापडत नाही. मी आत्ता हो म्हणणार नाही."

"मग कळणार कसं?"

"घरी न्या. उबेत राहू दे. निवांत होऊन, मागचे पाय पसरून आडवा पडेल तेव्हा बघा. तेव्हा दिसले तर दिसले. तेव्हाही रिकामंच असेल तर व्हिडिओ पाठवा, मी सांगते."

"सरळ आत्ताच ऑपरेशन केलं तर?"

"आधीच झालेलं असेल तर बिचाऱ्याला उगाच भूल. आणि नसेल, तर केल्यावरही काही आठवडे धोका राहतोच. तुमच्या म्हातारीकडे तेवढे आठवडे नाहीत."

तर असा तो पाहुणा घरी आला. आईने त्याला पाहिल्यापासून तिच्या मालवणीत पावणोच म्हटलं. त्याला हॉलमध्ये ठेवलं, म्हातारी बाल्कनीत, मधे बाबांचं ग्रिल. ती भिंतीकडे तोंड करून, तो कपाटाकडे तोंड करून. जाळीतून एकमेकांचा वास घ्यायलाही कोणी पुढे येईना.

आता आम्हाला एकच काम होतं, एका सशाला निवांत करायचं. मुंबईत माणसाला निवांतपणा मिळत नाही तिथे सशाला कुठून मिळणार! मी बेलची वायर काढली. आईने कुकर बंद केला, भात पातेल्यात शिजू लागला. समोरच्या मावशींना मी हात जोडून सांगितलं, दार आपटू नका. त्यांनी बिचाऱ्यांनी नातवंडांना पायऱ्यांवरून उतरतानासुद्धा चपला हातात घ्यायला लावल्या. पण बाजूची बिल्डिंग पाडायला घेतली होती, तिथल्या ड्रिलला कोण सांगणार? ते सुरू झालं की पाहुणा टुणकन उडायचा आणि पुन्हा कान पाठीला चिकटवून, पाय पोटाखाली घेऊन गोळा व्हायचा. मी फरशीवर पोटावर पडून, मोबाईल हातात धरून, त्याच्या मागे मागे.

"शी गो बाये," आई म्हणायची, "लाज वाटता माका. आल्या पावण्याक असा काय बघतंस?"

हसू यायचं, पण ते पुरत नव्हतं. म्हातारी हलकी होत चालली होती. सिरिंजने भरवलेलं निम्मं हनुवटीवरून ओघळायचं आणि आई ते पदराने टिपायची. लेंड्या बारीक, कोरड्या होत होत्या. मी ऑफिसातून फोन करून आधी लेंड्यांचं विचारायची. मला भीती वाटत होती, आणि सशापेक्षा जास्त आईची वाटत होती. तीही ताटात वाढून घ्यायची आणि अर्धं तसंच झाकून ठेवायची.

एका सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं.

"काढ तो ग्रिल," आई म्हणाली. "घाल त्याका तिच्याकडे."

"आणि त्याचं झालेलं नसलं तर?"

"झालेला आसात."

"असेल म्हणून चालत नाही आई! ती मेली तर?"

"आता काय जगता ती?"

मी आवाज चढवला. माझं हे नेहमीचं आहे. "मी बघितल्याशिवाय ग्रिलला हात लावायचा नाही," असं ओरडून, डबा न घेताच मी कामावर गेले. दिवसभर हातात नमुने होते आणि डोळ्यांपुढे ती भिंतीकडे वळलेली पाठ. दुपारी मी हाफ डे टाकला आणि अंधेरीहून रिक्षा करून घरी आले.

बेल नव्हतीच, मी लॅचच्या चावीने दार उघडलं. ग्रिल भिंतीला टेकवून उभं केलेलं. आई बाल्कनीच्या उंबऱ्यात बसलेली, मांडीपाशी रिकामं ताट. तिच्यापुढे पाहुणा आणि म्हातारी एकमेकांना खेटून.

मी पर्स टाकली आणि पाहुण्याला उचलायला झेपावले. आईने माझं मनगट धरलं. ती सत्तरीची आहे, पण धुणं पिळलेला हात आहे.

"गप," ती हळूच म्हणाली. "खाता हा ती."

म्हातारी खरंच खात होती. पाहुणा कोथिंबिरीच्या काडीचं एक टोक चावत होता आणि दुसऱ्या टोकाला ती होती, हळूहळू, पण खात होती.

"कधीपासून चाललंय हे?" मी दातओठ खात विचारलं.

"पावणो इलो त्याच्या दुसऱ्या दिसापासना. तू गेलंस की ग्रिल काढतंय, तू येवच्या आधी लावतंय. आज पयल्यांदा खाल्ल्यान."

म्हणजे मी फरशीवर लोळत पहारा करत होते तेव्हा घोडं कधीच गंगेत न्हालं होतं. व्हायचं ते होऊन गेलं असेल तर आता मी त्याला उचलून काय उपयोग होता? मला रडू आलं, रागाने आलं. "तुला कळतं का तू काय केलंस? तिचा जीव घेतलास तू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं—"

"गो, कडू घास एकट्यान खावचो नसता," आई म्हणाली.

आमच्याकडे घरात मरण झालं की त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतले, शेजारचे लोक जेवण घेऊन येतात. नुसतं ठेवून जात नाहीत, बाजूला बसून आपणही दोन घास खातात, तेव्हा कुठे घरच्यांच्या घशाखाली उतरतं. त्याला कडू घास म्हणतात.

"तुझे बाबा गेले तेव्हा कोण येवक नाय," ती म्हातारीकडे बघत म्हणाली. "खालती सीलची पट्टी लावलेली बिल्डिंगीक. समोरची डबो कडयेक अडकवन गेली, ती तरी काय करतली? तू आतल्या खोलयेत तापान, दार लावन. मी भायर. डबो उघडलंय, ताटात घेतलंय, आणि बसलंय. माझ्या गळ्यातसून उतरूक नाय. तिका तसा नको. मराची आसात तर मरांदे, पण कोण तरी बाजूक बसान."

ती साथीची वर्षं मला आठवतात, माझ्या बाजूने आठवतात. बंद दाराच्या आत मी औषधाच्या गुंगीत होते आणि बाबा गेल्याचं आईने दारातूनच सांगितलं होतं. दाराच्या त्या बाजूला ती काय जेवली, हे मी तोवर तिला विचारलं नव्हतं.

बाजूचं ड्रिल थांबलेलं होतं, बहुतेक कामगार जेवायला गेले असावेत. बाल्कनीत ऑक्टोबरचा उकाडा साचला होता. पाहुण्याने म्हातारीच्या कपाळाला नाक लावलं, जांभई दिली, आणि धपकन कुशीवर पडला. पोट उघडं, मागचे दोन्ही पाय लांब ताणून, डोळे अर्धे मिटलेले. इतके दिवस मी ज्याची वाट पाहिली ते असं माझ्यापुढे येऊन पडलं होतं.

मी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. मी वाकून पाहिलं. खरं सांगते, पाहायची हिंमत होत नव्हती. दोन्ही बाजूंच्या पिशव्या सुरकुतलेल्या, सपाट, रिकाम्या. मी वाट पाहिली. तो आणखी सैल झाला, झोपेत मिशा हलवू लागला, तरी तिथे काही नव्हतं. मी व्हिडिओ पाठवला आणि फोन छातीशी धरून बसले. आई म्हातारीला दुसरी काडी देत होती.

डॉक्टरीणबाईंचा व्हॉइस मेसेज आला, मागे कुठला तरी कुत्रा भुंकत होता. "इतका सैल पडलाय आणि तरी रिकामं आहे, म्हणजे झालेलं आहे. निर्धास्त राहा. ठेवा दोघांना एकत्र."

मी तो मेसेज आईला पुन्हा लावून ऐकवला.

"बरा झाला," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "डबो घेवक नाय तू. जेवलंस काय?"

मी जेवले नव्हते. आई गुडघ्यावर हात टेकत उठली, आत गेली, आणि भात व कुळथाची पिठी वाढून ताट घेऊन आली. ते तिने टेबलावर ठेवलं नाही, तिथेच उंबऱ्यात माझ्यापुढे ठेवलं. तिचं जेवण झालं होतं, तरी तिने आपल्या उष्ट्या ताटात मूठभर भात घेतला आणि माझ्या बाजूला बसली.

"खा," म्हणाली. "मी बसलंय."

पहिला घास मला गिळता येईना. आई हातातला घास तसाच धरून माझं खाली उतरेपर्यंत थांबली, आणि मग तिने आपला खाल्ला.