दहापर्यंत मोजणारी चिमणी

माझी पुतणी लहानपणापासून इतकी बोलते, की घरात तिला सगळे चिमणीच म्हणतात. वाचा गेलेल्यांना बोलतं करण्याचं मोठं शिक्षण घ्यायला ती निघाली, तेव्हा तिची आई म्हणाली, "बरं झालं, हिच्या तोंडाचा कुठं तरी उपयोग होईल."

पहिलं वर्ष पुस्तकांत गेलं. दुसऱ्या वर्षी समोर खरा पेशंट आला. अर्धांगवायूनं वाचा गेलेले एक सुतार. काचेपलीकडे बसून तिला शिकवणाऱ्या बाई सगळं टिपून घेत. सुतार शब्दाशी अडले, की चिमणी मायेनं तो पुरवून टाकी.

बाईंनी तिला बोलावून घेतलं. "त्यांच्या तोंडचा घास तू गिळतेस. पुन्हा असं केलंस तर नापास करीन. मनात दहापर्यंत मोजत जा."

पुढच्या खेपेला तिनं रंध्याचं चित्र समोर धरलं. सुतारांचे ओठ हलले, कपाळावर घाम आला. चिमणीनं जीभ दातांखाली धरली आणि मोजू लागली. दहा झाले. तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. तेवढ्यात सुतारांचा हात लाकूड तासावं तसा टेबलावर पुढंमागं होऊ लागला, आणि त्या हातामागून शब्द आला, "रं... रंधा."

मग तिच्याकडे बघून ते हसले. "थां... थांबलीस."

सुट्टीत ती घरी आली. जेवताना गोष्ट सांगता सांगता मला एक नाव आठवेना. ती हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. नाव आठवलं. त्या न पाहिलेल्या बाईंचे उपकार मी ताटावरच मानले.