सात हेडं परत मागणारी ओकशिम

पोहांगच्या जुन्या धक्क्यामागे इंजिन दुरुस्तीच्या गाळ्यांची एक गल्ली आहे. तिथे 'जोंगाप बोरिंग' अशी पाटी असलेल्या गाळ्यात मा ओकशिम सव्वीस वर्षं इंजिनांची हेडं, म्हणजे सिलिंडरवर बसणारी बिडाची झाकणं, दुरुस्त करत होती. पाटी दिराच्या नावाची. आधी ती नवऱ्याच्या नावाची होती. तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा जोंगाप नुकताच लष्करातली नोकरी पुरी करून परतला होता. बाईच्या नावाच्या गाळ्यात कोण बोटीचा तांडेल इंजिन आणून टाकणार, असं सासरे म्हणाले आणि पाटी बदलली. ओकशिमला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाटी कुणाची का असेना, हात आपला असला म्हणजे झालं, अशी तिची समजूत.

आणि हात खरोखरच तिचा होता. हेड आलं की आधी कॉस्टिकच्या हौदात उकळून काजळी काढायची. मग पट्टी आडवी धरून पृष्ठभाग सरळ आहे का ते बघायचं, व्हॉल्व्ह टेकतात त्या झिजलेल्या सीटा काढून नव्या ठोकायच्या, व्हॉल्व्ह घासून घासून असा बसवायचा की वर रॉकेल ओतलं तरी खाली थेंब उतरू नये. जोंगापला हे सगळं तिनेच शिकवलं होतं. सुरुवातीला त्याचा अंगठा स्वतःच्या हातात धरून ती सीटेवरून फिरवायची. "लागतंय का काही? नाही? परत फिरव. लागेपर्यंत जेवण नाही." आणि दीर हसत म्हणायचा, "वहिनी, तुमच्यापेक्षा लष्करातला हवालदार बरा होता हो!"

सगळ्यात शेवटची परीक्षा मात्र ती कुणावर सोपवत नसे. पाण्याच्या वाटा रबर लावून बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. गरमच पाहिजे. बिडातला तडा थंड पाण्यात तोंड मिटून बसतो. बुडबुडा आला नाही तर ती कडेला पंचने तीन ठिपके मारायची. दोन सीटांच्या मधे तडा निघाला तर खडूची फुली आणि हेड भंगारात. किनाऱ्यावरचे तांडेल पाटी वाचत नसत, कडेवर बोट फिरवून ठिपके मोजत.

मंदीच्या साली नवं इंजिन घेणं कुणाला झेपेना. जुन्या हेडांची रांग गाळ्याबाहेर रस्त्यापर्यंत गेली. त्याच साली, माकुळाच्या मासेमारीच्या ऐन हंगामात, ग्युर्योंगपोचा बे तांडेल आला आणि त्याने एक हेड तिच्या टेबलावर दाणकन आपटलं.

"हे ठिपके तुमचेच ना, बाई?"

"माझेच."

"मग ऐका. उलुंगदो बेटाच्या अलीकडे इंजिन तापलं. माझा भाचा पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला गेला. गळ्यापासून कमरेपर्यंत सोलून निघालाय पोरगा. दोन दिवस आम्ही वाहवत होतो आणि तो ओरडत होता."

ओकशिमने हेड उलटं केलं. कोपऱ्याचा एक टवका उडालेला होता, त्यावरून तिने ते लगेच ओळखलं. वसंतात तिनेच त्यावर फुली मारली होती. दोन सीटांच्या मधे आता एक करडी रेघ होती. तिने नखाने खरवडलं. लांबी! गाडीच्या पत्र्याचा पोचा बुजवायला वापरतात ती लांबी तड्यात भरून वरून ग्राइंडर फिरवला होता. आणि कडेला तीन ठिपके.

तिने मान वर केली. जोंगाप हात पुसत पुढे आला होता. तो काय बोलणार याची ती वाट बघत होती. तो तांडेलासमोर कमरेत वाकला.

"माफ करा, तांडेल. वर्षभर वहिनीच्या डोळ्यांचं असंच चाललंय. घरची मोठी माणसं, तोंडावर कसं सांगायचं? वेळेवर थांबवलं नाही ही माझी चूक."

ओकशिमला वाटलं, आता गल्लीतलं कुणीतरी बोलेल. दारात चारपाच जण जमले होते. कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही. समोरचा लेथवाला चू तर कळवळून म्हणाला, "वहिनी, पुष्कळ केलंत. आता आराम करा."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ही गोष्ट आज पहिल्यांदा बोलली गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात जोंगापने हट्टाने तिला चष्मा करून दिला होता. नको नको म्हणताना स्वतः दुकानात नेऊन फ्रेम निवडली होती आणि गाळ्यागाळ्यात जाऊन सांगितलं होतं, वहिनीला चष्मा लागला म्हणून. तिला तेव्हा भरून आलं होतं. आपल्याला मूल नाही, पण मुलासारखा दीर आहे, असं ती जावेला म्हणालीही होती. आज कळलं की ती माया नव्हती, पूर्वतयारी होती.

तिने जाऊन पाण्याच्या हौदाखालचा बर्नर पेटवला. पाणी तापायला तास गेला, तोवर तांडेल हलला नाही आणि जोंगापलाही हलता येईना. हेड आत गेलं. थोड्या वेळाने रेघेच्या बाजूने बुडबुड्यांची माळ वर आली. मग तिने ते करवतीवर चढवून मधोमध कापलं आणि दोन्ही तुकडे तांडेलासमोर ठेवले. तड्यात भरलेली लांबी बोटाच्या पेराएवढी खोल गेली होती.

"मी यावर फुली मारली होती. हे ठिपके मी मारलेले नाहीत."

बेने तुकडे बघितले. जोंगापकडे बघितलं. त्याला सगळं समजलं होतं, पण त्याचा राग उतरला नाही.

"मी ठिपक्यांवर भरवसा ठेवला, बाई. ते कुणाच्या हाताने मारले हे तुमच्या घरातलं. भाच्याला जाऊन काय सांगू? दिराने मारले म्हणून?"

तो गेला. दारातली माणसंही पांगली.

"किती?" ओकशिमने विचारलं.

"काय किती?"

"फुलीवाली किती हेडं बाहेर गेली?"

"वहिनी, साल कसलं आहे बघताय ना? तुम्ही तिनातलं एक भंगारात टाकता. थोडाफार तडा सगळ्यांतच असतो. बाकीचे नाही का चालवत?"

"मग स्वतःच्या नावाचा ठसा मारायचास."

 जोंगाप पुटपुटला, "माझ्या ठशाला कोण विचारतंय?"

"किती, जोंगाप?"

"सात."

तिने आपला पंच, हातोडी आणि जेवणाचा डबा उचलला. चष्मा टेबलावर ठेवला. त्याने हाका मारल्या, पण ती बसथांब्यापर्यंत थांबली नाही.

त्या हिवाळ्यात ओकशिम किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडली. ग्युर्योंगपो, हूपो, थेट जुकब्योनपर्यंत. सकाळी बोटी लागायच्या वेळी धक्क्यावर उभी राहायची आणि विचारायची, "या वर्षी पोहांगहून हेड आणून कुणी बसवलंय?" माणसं हसायची. "अहो बाई, चालतं इंजिन कोण खोलतं?" ती म्हणायची, "खोलू नका. थंड असतानाच टाकीचं झाकण काढून ठेवा, मग इंजिन चांगलं तापू द्या आणि टाकीतल्या पाण्यात नुसतं बघा. बुडबुडे दिसले तर मला हाक मारा. मी इथेच आहे." ती खरोखर तिथेच असायची, बर्फाच्या कारखान्याच्या आडोशाला, थर्मासमधली बार्लीचा चहा पीत.

चार जणांनी हाक मारली. चारही हेडं तिने स्वतः उतरवली आणि हत्यारं मागून आणून बदली हेडं फुकट तयार करून बसवली. हूपोच्या एका तांडेलाने मात्र तिला बोटीवर पाऊल ठेवू दिलं नाही. "तुमच्या दिराचा फोन आला होता. म्हणाला, वहिनीचं डोकं फिरलंय, घरावर राग काढत हिंडतेय. तुमच्या भांडणात माझा हंगाम घालवू?" तिने हात जोडून सांगितलं, तरी त्याने दोर सोडला. बोट बंदराबाहेर जाईपर्यंत ती धक्क्यावरून ओरडत होती, पाण्याकडे लक्ष ठेवा, इंजिन तापल्यावर झाकण उघडू नका.

सातव्या हेडाचा पत्ता लागला नाही.

इस्पितळातही ती जायची, अबालोन शिंपल्यांची पेज घेऊन. बेच्या भाच्याची आई पहिल्या दोन वेळेला दारातूनच पाठ फिरवून आत गेली. तिसऱ्या वेळेला तिने भांडं घेतलं, पण ओकशिमकडे बघितलं नाही.

फेब्रुवारीत नवऱ्याचं श्राद्ध आलं. संध्याकाळी जोंगाप बायकोला घेऊन आला, पेअरची पेटी आणली. भावाच्या फोटोपुढे दोनदा डोकं टेकलं. जेवायला बसल्यावर जाऊबाईच आधी बोलली, "वहिनी, परत या ना. तुमच्याविना गाळ्यात मन लागत नाही."

"लोक विचारतात तुम्हाला," जोंगाप म्हणाला.

"काय विचारतात? डोळे बरे झाले का?"

तो भात चिवडत बसला.

"सातवं कुठे दिलंस?"

"आठवत नाही, वहिनी. भावाच्या पानावर बसून खोटं बोलेन का?"

ओकशिम त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा खरं बोलतोय की खोटं, ते तिला कळेना. ज्याला अंगठा धरून शिकवलं, त्याच्या एका वाक्याचा आपल्याला भरवसा वाटत नाही, एवढंच कळलं. हेडं गेली, गाळा गेला, त्याहून हे जड होतं. तिने त्याच्या वाटीत सूप वाढलं, कारण पाहुण्याला वाढायचं असतं. पुढच्या वर्षी श्राद्धाचा निरोप त्याला गेला नाही.

आता तिची शेड ग्युर्योंगपोत, बर्फाच्या कारखान्यामागे आहे. पाटी नाही. खूणही तिने बदलली. आता ती हेडावर कोरणीने आपलं अख्खं नाव लिहिते. त्यात वेळ जातो, पण ते दुसऱ्याच्या हाताने जमत नाही. जोंगापचा गाळा अजून जोरात चालतो, तो काम लवकर देतो म्हणून. बे तांडेल रोज शेडसमोरून जातो. मान हलवतो, कधी चार माकुळं दारात ठेवून जातो. इंजिनाचं काम मात्र तो दुसरीकडे नेतो.